चढावरच्या विहिरीतलं जांभळं पाणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या मासिकात गेले काही महिने जे छापून येतंय ते वाचून माझं डोकं फिरलंय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मामाला चकवा लागतो... आणि लिहिणारा प्रत्येक जण शेवटी हात जोडून म्हणतो — देवाची लीला! मला हात जोडायचे नाहीत. मी जे पाहिलं त्यात बाई नव्हती, पिंपळ नव्हता, काळोखही नव्हता. लख्ख उजेडात, सगळ्या गावासमोर घडलं. आणि त्यापायी एक माणूस हकनाक मेला, म्हणून लिहितोय.

मी तेव्हा पुण्यात एका सरकारी खात्यात पाणी तपासण्याच्या कामावर होतो. कॉलेजात दोन वर्षं केमिस्ट्री शिकलो, तेवढ्यावर नोकरी मिळाली, आणि तेवढ्यावरच मी स्वतःला मोठा शास्त्रज्ञ समजत होतो. काम सोपं होतं. ज्या गावात पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू होईल तिथे जायचं, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि त्यात परमँगनेटचे मोजून थेंब टाकायचे. पाणी गुलाबी होतं. काही तासांनी रंग तसाच असला तर पाणी चांगलं. रंग मरून पाणी पिवळट-तपकिरी पडलं तर त्यात घाण आहे, असं समजायचं. मग त्याच औषधाची जांभळी पूड विहिरीत सोडायची, की पटकीचं विष मरतं. मात्र आमच्या डॉक्टरसाहेबांचा सक्त हुकूम होता — पाटलाची संमती असल्याशिवाय कुठल्याही विहिरीत चिमूटभरसुद्धा औषध टाकायचं नाही.

नारायणगावाहून ओझरला जी गाडीवाट जाते तिच्या बाजूला, कुकडीच्या अलीकडच्या तीराला हे गाव आहे. नाव लिहीत नाही. गाव चढावर, महारवाडा उतारावर नदीच्या अंगाला. गावाची विहीर वर, काळ्या कातळात फोडलेली, चांगली रुंद आणि बांधीव. महारवाड्याची खाली, मुरमात खणलेली, अरुंद. दोन्हींमध्ये हाकेचं अंतर असेल. बेल्ह्याच्या बाजाराला बैल घेऊन गेलेली माणसं परत येताना पटकी घेऊन आली होती, आणि मी पोचलो तेव्हा वरच्या आळीत रोज तिरडी बांधली जात होती.

गावचा येसकर, महारवाड्यातला धर्मा, माझ्या दिमतीला दिला होता. सरकारी माणसाचं ओझं वाहायचं आणि त्याला गाव दाखवायचं, हे त्याचं वतनाचं काम. चाळिशीचा, उंच, बोलायला मिठ्ठास माणूस. त्याने माझी बाटल्यांची पेटी डोक्यावर घेतली आणि वरच्या विहिरीपासून दहा पावलांवर उतरवून तिथेच उभा राहिला. त्याच्या पुढे त्याला जाता येत नव्हतं. मी सहा वेळा ये-जा करून बाटल्या नेल्या-आणल्या, पण ‘पुढे ये’ असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात हे मला कळत होतं, आणि डोळ्यांसमोरचं एवढं ढळढळीत कळत नव्हतं!

तपासणीत वरच्या विहिरीचा रंग बघता बघता मेला. आजाऱ्यांची धडुती तिच्याच काठावर धूत होते आणि ते पाणी फटीतून परत आत झिरपत होतं, दुसरं काय होणार? खालच्या विहिरीचं पाणी मात्र दुपार टळेपर्यंत गुलाबी राहिलं. मी पाटलांना तसं सांगितलं, तर ते भडकलेच.

“आमच्या हिरीला घाण म्हन्ता? आन् म्हारवाड्याची चांगली? रावसाहेब, पुण्यात शिकून हेच शिकलाव व्हय?”

“औषध टाकू द्या, पाटील. माणसं वाचतील.”

“हाडकं कुटून केल्यालं औषध हाय त्ये, आमाला ठावं हाय. पलेगाच्या वक्ताला पुण्यात सरकारनं काय केलं त्ये बी ठावं हाय. आमच्या पान्याला हात लावायचा न्हाई.”

झालं. संमती नाही, म्हणजे औषध नाही. खाली महारवाड्यात मात्र धर्माच म्हणाला, “आमच्या हिरीत टाका, रावसाहेब. आमाला काय मरायची हौस न्हाई.” तिथल्या विहिरीला पाटलांची ना नव्हती. चार वाजायच्या सुमारास मी माझ्या हातांनी पूड भिजवून तिथे सोडली. धर्माच्या बायकोने, भागूने, पहिली घागर ओढून बघितली आणि हसत म्हणाली, “लुगडं रंगवाया झालं की!” पाणी जांभळाच्या रसासारखं झालं होतं.

आता ज्या गोष्टीवरून सगळं बिघडलं ती नीट सांगतो. माझा मुक्काम चावडीत होता. औषधाचा डबा घेऊन मी तिथे गेलो तर पाटील आडवे आले. शेजारी मारुतीचं देऊळ, तिथे हाडकाचा डबा चालणार नाही. मग डबा ठेवायचा कुठे? तर धर्माच्या घरी. हे गावानेच ठरवलं, लक्षात घ्या! मी डब्यातलं उरलेलं औषध तराजूत तोललं, वजन वहीत टिपलं, झाकणावर लाख वितळवून कचेरीचा पितळी शिक्का उठवला आणि डबा धर्माच्या हाती दिला. शिक्का माझ्या कोटाच्या आतल्या खिशात राहिला.

सकाळी दिवस चांगला वर आला होता आणि मी दात घासत होतो, तेवढ्यात बायकांचा गलका ऐकू आला. धावत वरच्या विहिरीवर गेलो. रिकाम्या घागरी काठावर तशाच टाकून बाया लांब उभ्या होत्या. आत वाकून पाहिलं... पाणी जांभळं! काठापासून काठापर्यंत, गडद. मी पोहरा सोडून पाणी काढलं, हुंगलं, ग्लासात धरून उजेडात पाहिलं. परमँगनेटच. मग तसाच खाली उतरून महारवाड्याच्या विहिरीवर गेलो. तिथलं पाणी नितळ होतं. तळाचे खडे दिसत होते, रंगाचा मागमूस नाही. आदल्या दिवशी याच पाण्याने बाटलीत रंग धरून ठेवला होता, आणि आता अख्ख्या विहिरीतला रंग कुठे गेला?

धर्माच्या घरी जाऊन डबा पाहिला. लाख अखंड, शिक्का अखंड. फोडून तोललं तर वजन तंतोतंत वहीतलं. बरं, कुणी डबा उघडला असता तरी वरची विहीर एवढी मोठी की ती इतकी गडद करायला असे तीन डबे लागले असते. गावात डबा एकच होता.

हे सगळं मी चावडीपुढे ओरडून ओरडून सांगितलं. ऐकतो कोण! गावाचा निकाल आधीच झाला होता. डबा धर्माच्या घरी होता, तेव्हा धर्माने वरच्या विहिरीवर चढून पाणी बाटवलं. आणि त्याच तोंडाने म्हणत होते की खालच्या विहिरीचंच पाणी वर चढलंय, तिथला रंग इथे आलाय, म्हणून ती विहीरच बुजवली पाहिजे. अरे, पाणी आपणहून चढलं असेल तर धर्माने काय केलं? आणि धर्माने केलं असेल तर विहिरीचा काय दोष? दोन्ही एकदम कसं खरं असेल? पण माणसाला कुणाला तरी मारायचंच असलं की दोन्ही चालतं.

दुपारपर्यंत नारायणगावाहून डॉक्टरसाहेब टांग्यातून आले. खुर्चीवर बसले. धर्माला समोर उभा केला होता, दोन्ही दंड धरलेले.

“डबा जसाच्या तसा हाय,” धर्मा म्हणाला. “रावसायबानं शिक्का बगितलाय. म्या रातच्याला घराबाहीर बी पडलो न्हाई.”

“शिक्का त्यांचा असंल, डबा तुज्या घरात व्हता,” पाटील म्हणाले.

डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळले. “खरं सांगा. वरच्या विहिरीत औषध तुम्ही टाकलंत का?”

तेव्हा धर्मा हळूच बोलला, फक्त मला ऐकू जाईल असं. “रावसाहेब, तुमीच टाकलं म्हना. तुमाला कोन हात लावनार हाय?”

अगदी खरं होतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? मी बामण, सरकारी माणूस. माझ्या हाताने विहीर बाटत नव्हती. गाव चार शिव्या देऊन गप्प बसलं असतं. हुकूम मोडला म्हणून साहेबांनी मला फार तर घरी बसवलं असतं. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. एवढंच! पण त्या क्षणी मी मनाला काय सांगितलं माहीत आहे? की मी शास्त्राचा माणूस आहे, न केलेली गोष्ट केली म्हणणार नाही. भित्रेपणाला सत्याचा अंगरखा घालून मी ताठ मानेने म्हणालो, “नाही साहेब, मी टाकलं नाही.”

धर्माने मान खाली घातली. नंतर त्याला मारत होते तेव्हा तो ओरडला नाही. डॉक्टरसाहेब उठून चहाला गेले. मी... मी बाटल्या पेटीत भरत बसलो.

त्याच दिवशी त्याची येसकरकी काढून घेतली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर चोरच नव्हता. दुसऱ्या दिवशी खालची विहीर दगडमातीने बुजवली. ‘खालच्या विहिरीचं पाणी संशयास्पद, बुजवणे इष्ट’ असा रिपोर्ट गेला. त्याची स्वच्छ प्रत मी माझ्या वळणदार अक्षरात काढली. माझ्याच वहीत त्या पाण्याला ‘चांगले’ असा शेरा होता!

वरच्या गावाने दोन दिवस नदीचं पाणी आणलं, मग विहिरीत गोमूत्र शिंपडून शुद्धी केली आणि पुन्हा तेच पाणी प्यायला लागले. तोवर औषधाने आपलं काम केलं होतं. वरच्या आळीतली पटकी तिथेच थांबली. खाली महारवाड्यात मात्र विहीर नाही म्हणून माणसं नदीच्या डबक्यातलं पाणी प्यायला लागली. आठवड्याभरात तिथे पटकी पोचली. पहिला धर्मा गेला. तो मारानेच अर्धा झाला होता. मला हे महिन्याने कचेरीत मृत्यूच्या नोंदी उतरवताना कळलं. नोंदीपुढे कारण लिहिलं होतं — पटकी.

मी स्वस्थ बसलो असं समजू नका. पुढच्या उन्हाळ्यात रजा काढून, एका ओळखीच्या ओव्हरसियरची चढउतार मोजायची पाणसळ घेऊन परत गेलो. दोन्ही विहिरींमधला चढ तीनदा मोजला. वरच्या विहिरीचा तळसुद्धा खालच्या बुजवलेल्या विहिरीच्या काठापेक्षा पुरुषभर उंच भरला. पुण्यातल्या एका प्रोफेसरांना विचारलं. ते म्हणाले, कातळात भेगा असतात, सायफन झाला असेल. अहो, सायफनचं पाणीसुद्धा शेवटी खालीच पडतं ना! तर म्हणाले, मग तुमचं मोजमाप चुकलं असेल. मी म्हटलं, तुम्ही चला आणि मोजा. अजून आले नाहीत.

गेल्या वर्षी कामानिमित्त पुन्हा त्या वाटेने जाणं झालं. वरच्या विहिरीला आता शेंदूर फासलाय. पाटलांचा मुलगा मोठ्या कौतुकाने सांगत होता, “देवानंच जांभळं पानी धाडलं, पावणं. तवाच्यान गावात पटकी न्हाई. दर साली नारळ फोडतो आमी.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, “देवाने धाडलं, तर धर्माला का मारलंत?” तो “कोन धर्मा?” म्हणाला. सोंग नव्हतं ते. त्याला खरंच आठवत नव्हतं.

मी तिथून खाली उतरलो. भागू होती, केस पिकलेले, दारात गवऱ्या रचत होती. तिने मला ओळखलं. मी जे ठरवून गेलो होतो ते बोलून टाकलं — चल माझ्याबरोबर, सगळ्या गावापुढे सांगतो की औषध मी टाकलं होतं, धर्मा निर्दोष होता.

तिने हातातली गवरी नीट जागेवर ठेवली.

“टाकलं व्हतं का तुमी?”

“नाही.”

“मंग आता कशापायी खोटं बोलता?” ती म्हणाली. “तवा त्यानं मागितलं व्हतं. म्या न्हाई मागितलं.”

आणि ती पुन्हा गवऱ्या रचायला लागली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी वाटेला लागलो.

ते पाणी चढ कसं चढलं, एका डब्यात नव्हतं तेवढं औषध कुठून आलं, शिक्का का मोडला नाही — मला माहीत नाही. तुमच्या वाचकांपैकी कुणी मला उलगडा लिहून पाठवला तर वाचीन. पण ‘देवाची लीला’ असं लिहून कुणी पाठवू नये. फाडून टाकीन.