तात्यांचा दोर कपाटात जाणार नाही

शिरवळच्या कंपनीत माझी पाळी संपत आली होती, तेवढ्यात तात्यांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. "तात्या गेलं रं..." पलूसच्या मळ्यात उसाला पाणी पाजताना त्यांचं हृदय थांबलं. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले तात्या आमच्या बचाव पथकाचे गुरू. कड्यावर, विहिरीत अडकलेल्या माणसापर्यंत दोरावरून कसं जायचं, त्याला वर कसं घ्यायचं, हे त्यांनीच शिकवलं. आणि दहाव्याला लोक काय म्हणाले? "दोराच्या नादापायी जीव घालवला." साफ खोटं! सत्तरीतही तो माणूस ताठ होता, तो या दोरामुळंच.

पहिल्यांदा सामान घ्यायला गेलो, तेव्हा मी दुकानातला सगळ्यात चकचकीत जुमार उचलला. जुमार म्हणजे दोरावर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी मूठ. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "आधी दोर किती जाड हाय ते बघ. दोराला बसंना ती मूठ काय देव्हाऱ्यात ठिवणार?" मी ती परत ठेवली आणि आधी दोराची जाडी विचारली.

एकदा कवठे महांकाळकडं कोरड्या विहिरीत एक मेंढपाळ पडला. पाय मोडलेला. आम्ही त्याला झोळीत बांधलं, वर कप्प्या लावल्या. कप्प्यांमुळं चौघांत ओढणं जमत होतं, पण वेळ लागत होता. गावकऱ्यांना धीर निघेना. चिखलात रुतलेली ट्रॉली ते ट्रॅक्टरनं काढतात, तसाच त्यांनी ट्रॅक्टर आणला आणि दोर हुकात अडकवायला घेतला. तात्या सरळ ट्रॅक्टरपुढं उभे राहिले.

"सुभेदार, बाजूला व्हा! माणूस मरतोय खाली," सरपंच ओरडले.

"झोळी कपारीत अडकली तर ट्रॅक्टरला कळायचं न्हाई. हाताला कळतंय."

लय शिव्या खाल्ल्या, पण हलले नाहीत. झोळी दोनदा अडकली. दोन्ही वेळा आम्ही थांबलो, ढील दिली, पुन्हा ओढलं. मेंढपाळ जिवंत वर आला.

आता तात्यांच्या मुलानं ठरवलं, की दोर, जुमार, कप्प्या फोटोखाली काचेच्या कपाटात ठेवायच्या. पथकाकडं दुसरा संच नाही. मी म्हणालो, चालणार नाही!

"वडलांची आठवण हाय ती. तुमी बी आता बंद करा हे," तो म्हणाला.

मला असा संताप आला... पण काकूच उठल्या. सामानाचं पोतं त्यांनी माझ्या हातात दिलं. "आठवणीला फोटो हाय. हे तू न्हे."

गेल्या आठवड्यात आम्ही विहिरीत पडलेल्या एका बाईला वर काढलं. चिखलानं माखलेला दोर घेऊन पलूसला गेलो. वाटलं, बघून काकूंना रडू येईल. आलंही. डोळे पुसत त्यांनी तो वीतवीत चाचपला, साध्या पाण्यानं धुतला. मी घाईनं अंगणातल्या तारेवर टाकायला निघालो, तशा त्या माझ्यावर खेकसल्या.

"उन्हात नगं! कमजोर होतोय त्यो. सावलीत टाक... उद्या कुनाचा फोन आला मंजी?"