उघाडीच्या फळ्या

मी पदवीधर झालो तो ज्यांच्यामुळे, त्यांना अख्खं गाव काकी म्हणतं. मीही काकीच म्हणायचो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी आम्हाला काही महिने खेड्यात राहून शेतकऱ्याबरोबर काम करावं लागतं. मला अलिबाग तालुक्यातलं खाडीकाठचं एक गाव मिळालं आणि त्या गावात काकींच्या घरातली पुढची खोली.

मी माणगावकडचा. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. भातशेतीत वाढलेला, म्हणून पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत काकींना सांगितलं, "भात मला नवा नाही."

"गोड्या पाण्यातला भात बघितलास तू," त्या म्हणाल्या. "हितं खाडी उशाला हाय."

त्यांचं शेत खारातलं, म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून राखलेलं. बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी असली की उघाडीच्या लाकडी फळ्या काढायच्या, साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत फळ्या परत बसवायच्या. हे काम घरटी पाळीनं चालतं. पाळी ज्या घराची, त्या घरानं तिथी बघून भरतीची वेळ ठरवायची. काकी अंगणात उभ्या राहून बोटांच्या पेरांवर तिथी मोजायच्या आणि सांगायच्या, "आज दुपारी चढंल." मी ते वहीत उतरवून घ्यायचो. समजून मात्र घेतलं नाही.

काकींच्या शेतात मी दोरी धरून, ओळीत रोपं लावून प्रात्यक्षिकाचा तुकडा केला होता. त्यावर माझे गुण ठरणार होते. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला आणि माझ्या ओळी पाण्याखाली गेल्या. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजचे सर पाहणीला येणार होते. पाळी काकींच्या घराची होती. पण पौर्णिमेच्या सकाळी काकी पडवळं आणि तोंडली घेऊन अलिबागच्या बाजारात गेल्या होत्या.

नऊच्या सुमारास मी बांधावर गेलो. खाडीचं पाणी शेतापेक्षा खाली दिसत होतं. आमच्याकडे पाणी तुंबलं की बांध फोडतात. पाणी उताराला लागतं आणि विषय संपतो. मी फळ्या काढल्या. पाणी धो धो बाहेर पडायला लागलं, तसा मी खूश होऊन घरी आलो, आंघोळ केली, सरांना दाखवायचा तक्ता रंगवत बसलो. पाणी उलटंही फिरतं, हे मला ऐकून माहीत होतं. पण पौर्णिमेचं उधाण दुपारी बाराला चढतं आणि तेवढ्या वेळात मी तक्ता रंगवतोय, हे दोन्ही एकत्र डोक्यात आलं नाही.

आरडाओरडा ऐकून धावलो, तर खाडी शेतात शिरलेली. कोणीतरी फळ्या बसवल्या होत्या, पण काकींचं शेत, शेजारच्या तात्यांचं शेत आणि खालची दोन खाचरं खाऱ्या पाण्यानं भरली होती.

काकी दुपारी परतल्या. टोपली खाली ठेवून सरळ शेतात उतरल्या. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आतच त्यांना सगळं कळलं होतं.

"आंघोळ केलीस का?" एवढंच विचारलं.

"केली."

"मग आता परत करावी लागंल. संध्याकाळच्या ओहोटीला फळ्या काढायच्या हायत, उतर."

खारं पाणी काढून झाल्यावर माणसं काकींच्या ओटीवर जमली. तात्या तापलेले. गावात आलेलं प्रत्येक पत्र, नोटीस, लग्नाची पत्रिका चष्मा लावून वाचून दाखवणारे हे तात्या. काकींना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांची सगळी टपालं तात्यांच्या तोंडून.

"पाळी तुमची," ते म्हणाले. "फळ्या कोणी काढल्या? का आता कॉलेजात तिथी पण नवी शिकवतात?"

सगळे हसले आणि माझ्याकडे बघायला लागले. गावानं माझ्याबद्दल तक्रार केली तर मला परत बोलावतील, वर्ष जाईल, आणि वडिलांना काय सांगायचं, एवढंच मला दिसत होतं.

"मीच काढल्या," काकी म्हणाल्या. "पहाटे. बाजाराच्या घाईत घालायच्या इसारले."

"तू? आन इसारलीस?" तात्यांनी विचारलं.

"व्हय. वय झालं. तू जा रे बाला, आत चहा ठेव."

मी आत गेलो आणि चहा ठेवला.

अकरा कप भरले. बाहेर ठरलं की उन्हाळ्यात बांधाला माती घालताना घरटी एक माणूस येतो तसा काकींनी यायचंच, वर त्यांच्या घरचे आठ दिवस जादा. घरात त्या एकट्याच. मुलगा पनवेलला कंपनीत.

पुढे पाऊस बरा झाला, मीठ बरंचसं धुतलं गेलं. उंचावरच्या खाचरातली दाट रोपं फोडून काकींनी मेलेल्या जागा भरल्या. तात्यांच्या शेतात आधी भरल्या, मग स्वतःच्या. मी बरोबर होतो. माझा तुकडा जळून गेला. सरांना मी पावसाचंच कारण सांगितलं, अहवालातही 'अतिवृष्टीमुळे नुकसान' असं लिहिलं, आणि चांगले गुण मिळाले.

मे महिन्यात पेढे घेऊन गेलो तेव्हा काकींच्या उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. "माती जड असते रे," म्हणाल्या, आणि पेढा अर्धा करून मलाच भरवला.

आता मी कृषी खात्यात नोकरीला आहे. शेतकऱ्यांना सल्ले देतो. फोनवर तो विषय काढला की काकी म्हणतात, "जेवलास का ते सांग." म्हणून शेवटी पत्र पाठवलं. ते असं:

"ती. काकींस सा. न.

तात्या, हे पत्र तुम्हीच वाचत असणार, म्हणून आधी तुम्हालाच सांगतो. पौर्णिमेला उघाडीच्या फळ्या मी काढल्या होत्या. काकी तेव्हा अलिबागला होत्या. त्या काही विसरल्या नव्हत्या. मी आत चहा करत होतो आणि सगळं ऐकत होतो. तुमचा भात माझ्यामुळे गेला. काकी आता मध्येच थांबवतील, तरी पुढे वाचा, आणि मोठ्यानं वाचा. ओटीवर त्या दिवशी होते त्यांना बोलावून वाचलंत तर जास्त बरं.

काकी, रागावू नका. तात्या, काकींनी भरलेले आठ दिवस मला परत करता येणार नाहीत. पण यंदा बांधाला माती घालायची तारीख ठरली की कळवा. आठ दिवसांची रजा मी मागून ठेवली आहे. काकींच्या घरचा माणूस म्हणून येईन. या वेळी तिथी मी मोजेन, काकींनी फक्त चुकली तर सांगावं.

आपला,
पुढच्या खोलीतला"