लाल तोंड आणि तीन बोटं

आमच्या घरात तोंड बोटांनी मोजतात. बाबांना तिखट सोसेनासं झालं, भाकरीचा घास आत जाईना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली होती. एकच गेलं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा बाबांनी वर्षानुवर्षं खाल्ला होता. आता तो सुटला आहे, पण तोंड काही उघडत नाही. ते पातळ भात आणि वरण खातात आणि कमी बोलतात.

मी कॉलेजसाठी आमच्या कोंढ्याहून भंडाऱ्याला निघालो तेव्हा मायनं एकच अट घातली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तिनं मला दारात उभं केलं, तोंड उघडायला लावलं, माझीच तीन बोटं आत घालून पाहिली आणि म्हणाली, "ज्या दिवशी खर्रा दिसला, त्या दिवशी खोली सोडायची अन् कोंढ्याले परत यायचं. कॉलेज-बिलेज काही नाही." मी हो म्हणालो. ती बोलते तसं करते, हे मला माहीत होतं.

भंडाऱ्याजवळ, नदीपलीकडच्या कारध्याला एका मित्राबरोबर खोली घेतली. सकाळी पूल ओलांडून जिमला जायचं आणि तिथूनच कॉलेजला. पोलीस भरतीची मैदानी चाचणी द्यायची होती. माझे पाय काड्यांसारखे. जिममधल्या सरांनी पहिल्या महिन्यात काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या महिन्यात, मी खांद्यावर वजन घेऊन स्क्वाटच्या दहाव्या उठाबशीला अडकलो तेव्हा, त्यांनी एक डबा उघडला. त्यातली अर्धा चमचा गुलाबी पावडर पाण्यात ढवळून दिली.

"पी. मंग पाह्य."

पंधरा मिनिटांत गालांवर मुंग्या चालायला लागल्या. कान गरम झाले. छाती इतकी धडधडायला लागली की मला वाटलं शेजारच्यालाही ऐकू जात असेल. त्या दिवशी बारा झाल्या. सर म्हणाले, "पाह्यलं?" पाहिलं तर होतं, पण त्या बारा कुणी मारल्या ते मला कळत नव्हतं. मी, की त्या मुंग्या?

डब्यावरची बारीक अक्षरं मी मोबाइलमध्ये फोटो काढून आणली. कॅफिन समजलं, बाकीची नावं समजली नाहीत. एक ओळखीचं होतं, नायट्रेट. रसायनशास्त्राच्या मॅडमना विचारायला आठवडा लावला. विचारताना मी डब्याचं नाव घेतलं नाही, "एका मित्राला" म्हणालो. मॅडम हसल्या. "तुझ्या मित्राला सांग, दम वाढवतं म्हणतात ते नायट्रेट पालकात असतं, बीटात असतं. छाती धडधडते ती कॅफिननं. धडधडत असेल तर बंद कर म्हणावं."

पावडर बंद केली आणि बीट सुरू केलं. मित्राच्या मिक्सरमध्ये दोन बीटं वाटायची, फडक्यातून गाळायची आणि नाक दाबून प्यायची. पहिल्या दिवशी दुपारी लघवी गुलाबी झाली. मी संडासातच भिंतीला धरून उभा राहिलो. मित्रानं दाराबाहेरून मोबाइलवर शोधून मोठ्यानं वाचून दाखवलं की बीटानं असं होतं, मग मी बाहेर आलो.

खरी अडचण वेगळीच निघाली. तोंड लाल. जीभ लाल, दातांच्या फटी लाल, थुंकी लाल. जिममध्ये बेसिनपाशी चूळ भरली की मागून आवाज यायचा, "काय बे, सकाळी सकाळीच खर्रा लावला का?" दुसरा म्हणायचा, "आमाले बी दे ना भाऊ, अर्धी पुडी." सगळे हसायचे. मीही हसायचो आणि पुन्हा चूळ भरायचो. शनिवारी घरी गेलो आणि मायनं पाहिलं तर?

मेडिकलमधून जंतुनाशक माउथवॉशची निळी बाटली आणली. रस प्यायला की लगेच दोनदा खळखळून चूळ भरायची. तोंड स्वच्छ. पाच-सहा आठवडे असं चाललं. स्क्वाट पंधरापर्यंत गेले. मला वाटलं, बीट लागू पडलं.

मग एके दिवशी मॅडमनीच मला थांबवलं. "तुझा मित्र कसा आहे?" मी म्हणालो, बीट पितो, नंतर माउथवॉशनं चूळ भरतो. त्यांनी कपाळाला हात लावला. जिभेवरचे जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, रक्तवाहिन्या सैल करायचं पुढचं काम त्याच्यानं होतं, असं त्यांनी सांगितलं. तसला माउथवॉश त्याच जिवाणूंना मारतो. "म्हणजे तुझा मित्र एका हातानं पेरतो आणि दुसऱ्या हातानं उपटतो."

मी पुलावर सायकल थांबवून बराच वेळ उभा होतो. बीट जर लागू पडलंच नव्हतं, तर पंधरा कुठून आले? मी इतके दिवस फक्त रोज जात होतो, एवढंच होतं का ते? की थोडंसं तरी लागू पडलं होतं? विचार करून डोकं दुखलं. शेवटी एवढंच ठरवलं की माउथवॉश बंद करून खरं काय ते पाहायचं.

त्याच शनिवारी गावी निघालो. संध्याकाळी गावच्या रस्त्यावर वेळ लावून धावायचं होतं, म्हणून भंडाऱ्याच्या बस स्टँडवर गाडीत बसल्या बसल्या बाटलीतला रस प्यायलो. गाडी हलली, दोन थेंब शर्टावर सांडले. मी ते विसरलो.

माय अंगणात मांडीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी वाकून बॅग ठेवली. तिचा हात थांबला. तिनं माझा शर्ट खिशापाशी चिमटीत धरला. बाबांचे शर्ट तिनं जन्मभर धुतले आहेत.

"काय होय हे?"

"बीट, माय."

"तोंड उघड."

मी उघडलं. तिनं मला उजेडाकडे वळवून आत पाहिलं. 

"बॅगीतले कपडे काढू नोको," ती म्हणाली. "उद्या जाऊन खोली खाली कर."

"खर्रा नाही वो माय! बीट होय, भाजीचं!"

"भाजी खाऊन कोणाचं तोंड असं होते? मले शिकवून राहिला?"

बाबा खाटेवरून उठून आले. त्यांनी माझी हनुवटी धरली, तोंडाजवळ नाक आणलं, दोनदा हुंगलं आणि दातांच्या फटीतून म्हणाले, "खर्रा नाही हा."

"तुमी नोका सांगू," माय म्हणाली. "तुमी बी असेच म्हणत होते. पान होय, पान होय."

बाबांनी माझी हनुवटी सोडली. मी माझी तीन बोटं तोंडात घालून दाखवली. सहज गेली. ती म्हणाली, "थे तर त्यायची बी जात होती, पहिले."

 मग मी सगळंच सांगून टाकलं. डबा, मुंग्या, धडधड, मॅडम, बीट, निळी बाटली. सांगताना कळत होतं की प्रत्येक वाक्यानं मी आणखी खोल जातोय. खर्रा निदान तिच्या ओळखीचा होता. ही पावडर कुठली?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "त्याच्याबिगर उचलणं होत नाही का तुह्याकून?"

मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. हाच प्रश्न ती त्यांना विचारायची. खर्र्याबिगर काम होत नाही का? लहानपणी मी तो कित्येकदा ऐकला होता.

"मले माहीत नाही, माय," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

तिनं आणखी चार शेंगा सोलल्या. मग ती म्हणाली, "डबा पुन्हा नाही."

"नाही."

"अन् थे बीट कुठी हाय?"

बॅगेत दोन होती. तिनं ती किसली, फडक्यात पिळली, पेला भरला आणि स्वतः अर्धा प्यायली. तोंड वाकडं केलं. भिंतीवरचा आरसा काढून उजेडात आणला आणि त्यात बराच वेळ जीभ पाहत राहिली. मग पदरानं जीभ पुसली आणि पदर पाहिला.

"बाप्पा," ती म्हणाली. एवढंच. पण थोड्या वेळानं तिनंच माझ्या बॅगेतले कपडे काढून दोरीवर टाकले.

उरलेला अर्धा पेला तिनं बाबांना दिला. "घ्या. हे तर चावा नाही लागत."

मी धावायला गेलो. वेळ मागच्यासारखाच आला, कदाचित दोन सेकंद कमी. ते रसामुळे की मन हलकं झाल्यामुळे, मला सांगता येत नाही. परत आलो तेव्हा बाबा खाटेवर बसले होते, ओठ लालभडक, हनुवटीवर एक ओघळ. माय शेंगांचं सूप घेऊन आतून आली, त्यांच्याकडे नजर गेली आणि एकदम ओरडली, "पुन्हा सुरू केलं का तुमी?"

मग ती थांबली. बाबांचं तोंड हसायला जितकं उघडतं तितकं उघडलं. मायनं सूप खाली ठेवलं आणि पदराच्या टोकानं त्यांची हनुवटी जोरजोरानं पुसली, राग अजून उतरला नसल्यासारखी.