खुर्चीच्या मापाची काठी

लोकांच्या अंगाची मापं घेण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला गल्लीत सगळे मास्तर म्हणत. शाळेचे नव्हेत, शिवणकामाचे. गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा आणि तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे मास्तर कमी बोलतात असा लोकांचा समज होता. खरं तर टाचण्या नसतानाही ते कमीच बोलत. पण गिऱ्हाईक ट्रायलला आलं की त्यांना कंठ फुटे. "हात वर करा. आता समोर घ्या. काखेत ओढतंय का?" साहेब असो की शाळकरी पोर, आरशापुढे कवायत केल्याशिवाय सुटका नसे. कुणी कुरकुर केली तर मास्तर म्हणत, "नुसतं उभं राहायला कपडा शिवतात होय? माणूस आहे, हात हलवणारच."

मास्तरांना एकच मुलगी. पाळण्यातलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण चिंगी म्हणायची सवय लागली ती तिची तिशी उलटली तरी सुटली नाही. लहानपणी ताप आला आणि जाताना तिचे पाय घेऊन गेला. हात मात्र असे की दुकानातली सगळी काजं-बटणं आणि हातशिलाई तिचीच. चाकाच्या खुर्चीत बसायचं, मांडीवर शर्ट घ्यायचा आणि सुई चालवायची. खुर्ची ढकलायला आई. सकाळी घरून दुकानात, संध्याकाळी दुकानातून घरी. आई मागून ढकलते आहे आणि लेक मांडीवरच्या शर्टाला वाटेतच बटण लावते आहे, हे गल्लीच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी मान वर करूनही बघत नसे. मायलेकी वाटभर बडबडत, आणि दोघींच्या बडबडीत मास्तरांच्या वाटणीचंही बोलणं उरकून जाई.

राहायची खोली भाड्याची होती. संडास न्हाणीतच, आणि न्हाणीचं दार इतकं अरुंद की खुर्ची बाहेरच राहायची. मग आई चिंगीला कमरेत धरायची, चिंगी आईच्या गळ्यात हात टाकायची आणि दोघी आत जायच्या. लहानपणी ते ठीक होतं. पुढं लेक अंगानं भरली आणि आई वाळत गेली. एकदा ओल्या फरशीवर दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. मास्तर धावत आले तर दोघी पडल्या जागी खिदळत होत्या. मास्तरही हसले. पण त्याच दिवशी चिंगी दुकानात सुई घेऊन बसल्यावर बायकोनं त्यांना बाजूला घेतलं.

"अहो, आपण आहोत तोवर ठीक. आपल्या पाठीमागं हिला कोण उचलणार?"

मास्तरांनी कानावरचा खडू काढला आणि पुन्हा कानावर ठेवला.

"आपल्याला स्वतःचं घर बघा. मोठं नको, देखणं नको. हिला खुर्चीत बसून एकटीनं न्हाणीत जाता आलं पाहिजे, की मी सुटले."

ज्यांनी जन्मात कधी घर विकत घ्यायचा विचार केला नव्हता, ते मास्तर त्या दिवसापासून फ्लॅट शोधायला लागले.

चिंगीला खुर्चीसकट प्रत्येक इमारतीत नेणं शक्य नव्हतं. कुठं वाळूचे ढीग, कुठं लिफ्ट अजून यायची. म्हणून बायकोनं युक्ती काढली. कापडाचा तागा ज्या फळीवर गुंडाळून येतो, तसली एक पट्टी मास्तरांनी घेतली, खुर्चीच्या एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घेतलं आणि त्या मापाची काठी कापली. मापात मास्तर कुणाला ऐकायचे नाहीत. घासू नये म्हणून दोन्हीकडे बोटभर सैल सोडलं. चिंगी खुर्चीतच होती, एका कोटाचं अस्तर टाकत. "माझं माप घेताय की खुर्चीचं?" तिनं मान वर न करता विचारलं. "तुझं घ्यायला टेप पुरायचा नाही," आई म्हणाली, आणि पुन्हा दोघी खिदळल्या.

मग सुरू झाली वणवण. रविवारी दुकान बंद, मास्तर काठी घेऊन बाहेर. एजंट नावाची जमात त्यांना तेव्हाच कळली. 'प्रशस्त' म्हणजे पलंग टाकला की चालायला जागा नाही, 'हवेशीर' म्हणजे खिडकीला अजून काच नाही, आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणजे एजंटच्या मोटारसायकलवरून, तीही तो रागात असेल तर. मास्तर हॉल बघत नसत, बाल्कनीत जात नसत. थेट न्हाणीच्या दाराशी जायचं आणि काठी आडवी धरायची. काठी अडली की काठी बगलेत मारायची आणि निघायचं.

"काका, काठी घेऊन फ्लॅट बघणारे तुम्हीच पहिले," एक एजंट म्हणाला. "भाव पटला नाही तर आम्हाला झोडपायला आणली की काय?"

दुसरा म्हणाला, "न्हाणीत काय हत्ती बांधायचाय?"

मास्तरांनी कारण सांगितलं. तो एजंट शरमला, पण शरमून दार काही रुंद होत नाही. आख्ख्या जगातल्या न्हाण्यांची दारं एकाच हडकुळ्या माणसाच्या मापानं केली असावीत, अशी मास्तरांची खात्री होत चालली. घरी आले की मायलेकी त्यांच्याकडे बघत. मास्तर काठी दारामागं उभी करत. काठी गपचूप दारामागं गेली की काय ते समजायचं.

आणि मग शोध अर्धा राहिला असताना बायकोच गेली. आजारी पडली असती तर मनाची तयारी तरी झाली असती. दुकानाच्या पायरीशी खुर्ची आणली, ब्रेक लावला, छातीवर हात ठेवला आणि खाली बसली. ब्रेक लावायला मात्र विसरली नाही. चिंगीला वळून बघता येईना, ती नुसती "आई? आई?" करत राहिली.

त्यानंतर खुर्ची मास्तर ढकलू लागले. पण न्हाणीचं काय? तरण्या लेकीला बापानं कसं उचलावं? शेजारच्या काकू यायच्या. बाई भली होती, पण तिच्या सवडीनं यायची, आणि तोवर चिंगी घोटभर पाणीसुद्धा पीत नसे. मास्तरांच्या ते ध्यानात आलं, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बायको असताना ते रविवारी हिंडत. आता रोज दुपारी दुकानाला कुलूप घालून हिंडू लागले.

आणि एके दिवशी काठी दारातून गेली.

इमारत पुरी होत आली होती, लिफ्ट बसायची होती. मास्तर जिने चढून धापा टाकत वर गेले, न्हाणीच्या दाराशी काठी आडवी धरली, आणि ती आरपार गेली. त्यांनी बाहेर येऊन पुन्हा धरली. पुन्हा गेली. आत खुर्ची वळायला जागाही होती. एजंट भिंतीवर थापा मारत सांगत होता, "दाराच्या दोन्ही अंगांना खांब आलेत बघा काका, भूकंप झाला तरी हलायचं नाही." मास्तरांना खांबाबिंबाचं काही पडलेलं नव्हतं. परक्या माणसापुढं रडायला नको म्हणून ते जन्मात पहिल्यांदाच एका फ्लॅटची बाल्कनी बघायला गेले.

पैशाचं कसं जमवलं ते सांगत बसत नाही. इतकंच की दुकानाचा गाळा विकला आणि मशीन घरी आणायचं ठरलं. लिफ्ट सुरू झाली त्या आठवड्यात बिऱ्हाड हललं.

मास्तरांनी चिंगीला दारातून आत आणलं, न्हाणीपाशी नेलं आणि खुर्ची सोडून बाजूला झाले. मुलीला पहिल्यांदा सायकलवर सोडणारा बाप होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"जा," ते म्हणाले. "एकटी जा."

चिंगीनं दोन्ही हात चाकांवर ठेवले. जोर करून चाकं फिरवली. खुर्ची दारात शिरली आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं दगडी चौकटीवर घासली. "आई गं!" तिनं हात मागं घेतले. सालटं निघाली होती, रक्त येत होतं.

मास्तरांना आधी कळेचना. चाकं तर बसत होती. मग त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं आणि जागच्या जागी खिळले. चाकं फिरवायची तर हात चाकांच्या बाहेर येतात. हातांना जागा लागते. आईनं इतकी वर्षं ढकललं, आणि त्या सगळ्या वर्षांत चिंगीचे हात मांडीवर होते, सुई-दोऱ्यात. माप घेतलं तेव्हाही ते मांडीवरच होते. ना आईच्या ध्यानात आलं, ना लेकीच्या, ना जन्मभर दुसऱ्यांना हात हलवायला लावणाऱ्या मास्तरांच्या.

चिंगीनं हार मानली नाही. चौकट धरून स्वतःला आत ओढून बघितलं. खुर्ची तिरकी होऊन दारात अडकली. मास्तरांनी ती सोडवली आणि खाली काम करणाऱ्या गवंड्याला हाताला धरून वर आणलं. त्यानं चौकट ठोकून पाहिली, मान हलवली. "चौकट काढली तरी बोटभर मिळेल, काका. मागं खांब आहेत. त्यांना हात लावता येत नाही, वर आख्खी इमारत उभी आहे."

गवंडी गेला. मास्तर बांधलेल्या बोचक्यावर बसले. "मला मेल्याला काय अक्कल," ते पुटपुटले. "तुझ्या आईनं विश्वासानं सोपवलं होतं."

"बाबा, असं नका बोलू."

"दुसरं बघतो. उद्यापासून बघतो." पण दुसरं आता कशाच्या जोरावर बघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चिंगीनं सोललेली बोटं पदरानं टिपली. चार दिवस तरी त्या बोटांनी सुई धरवणार नव्हती. काकूंचं घर आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिलं होतं, आणि सकाळपासून चिंगी न्हाणीत गेली नव्हती.

"बाबा," ती शेवटी हळूच म्हणाली, "मला जायचंय."

मास्तर उठले. तिनं दोन्ही हात उचलले आणि नेहमीसारखे मांडीवर ठेवले.

"ढकला," ती म्हणाली. "आत नेऊन सोडा. मग बाहेर थांबा."

मास्तरांनी खुर्ची ढकलली. ती दारातून कुठंही न घासता आत गेली. दोन्हीकडे बरोबर बोटभर जागा सुटली होती.