पाणी आहे, उतरा

मी बनवलेल्या खेळात आमच्या गावातला जवळपास प्रत्येक माणूस पहिल्याच ग्रहावर मेला.

खेळ साधा होता. फोनच्या पडद्यावर बघण्यासारखं काहीच नाही, सगळं आवाजावर. तुम्ही यानात बसलाय, पृथ्वी मागं राहिलीय, राहायला जागा शोधायचीय. यान एकेका ग्रहाजवळ थांबतं. तुम्ही तोंडानं तीन प्रश्न विचारायचे, यान उत्तरं देतं, मग ‘उतरा’ म्हणायचं, नाहीतर ‘पुढं चला’. पुण्याच्या ज्या कंपनीचं काम मी तामलवाडीत घरी बसून करते, तिनं हा खेळ अंध मुलांसाठी करायला घेतला होता आणि मराठीचा भाग माझ्याकडं आला होता. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह, त्यांच्यावर जगता येईल का आणि ते कशावरून ठरवायचं, एवढं शिकवायचं होतं. कंपनीतल्या लोकांचा अंदाज होता की खेळणारा आधी हवेचं विचारेल. ते लोक तामलवाडीला कधी आले नव्हते.

आमच्याकडं फोन हातात दिला की माणूस पहिलं विचारायचा, “पाणी हाय का?” यान म्हणायचं, “हो, आहे.” की लगेच, “मग उतर की!” उरलेले दोन प्रश्न कुणी विचारायचंच नाही. पाणी असायचं, पण ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ की सगळ्या पाण्याची वाफ झालेली. किंवा ताऱ्यापासून इतका लांब की वर कोसभर जाडीचा बर्फ आणि पाणी त्याच्या खाली कुठंतरी. वाफेच्या ग्रहावर यान चरचरत जळायचं. तो आवाज मी तापल्या तव्यावर पाणी शिंपडून घेतला होता. शेजारच्या काकू फोनवरच डाफरल्या, “आरं पण पाणी हाय म्हणलास की तू!”

सगळ्यांत जास्त वेळा मेले आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन कानाला चिकटवून, डोळे मिटून, मोठ्यानं विचारायचे. पाणी हाय का. उतर. चर्रर्र. “परत लाव,” म्हणायचे. पुन्हा पाणी, पुन्हा उतर. मी म्हणायचे, “आण्णा, अजून दोन प्रश्न शिल्लक हायत तुमचे, ते काय ठेवून देताय का?” ते म्हणायचे, “पाणी हाय म्हणल्यावर अजून काय इचारायचं?” मला हसू यायचं. शेजारी बसलेली अक्का मात्र हसायची नाही.

अक्का माझी मोठी बहीण. तिला आण्णांनी पाणी बघून दिली होती. आमच्या भागात ही रीतच आहे. स्थळ बघायला गेलेला बाप नवरदेवाच्या आधी विहीर बघतो. बोअरला पाणी किती, उन्हाळ्यात टँकर लागतो का, याची शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं हळूच चौकशी करतो. पोरीच्या डोक्यावर घागर नको, एवढीच त्यामागं माया असते आणि ती खोटी नसते. आमच्या आईचा जन्म घागर वाहण्यात गेला, ते आण्णांनी पाहिलेलं होतं. कळंबकडचं हे घर त्यांना पहिल्या फेरीतच पसंत पडलं. विहीर होती, बोअर होती आणि रानात भलंमोठं शेततळं, आतून काळं प्लास्टिक अंथरलेलं, काठोकाठ भरलेलं. घरी आले ते शेततळ्याचंच बोलत आले. आईनं विचारलं, पोरगा कसाय? म्हणाले, “बरा हाय की. पाणी लई हाय.”

लग्नाला काही वर्षं झाल्यावर अक्काचे डोळे लाल व्हायला लागले. सासरच्यांनी मेडिकलमधून थेंबांची बाटली आणून दिली. थेंब घातले की लाली जायची, म्हणून संपली की तीच बाटली पुन्हा यायची. महिनोन्महिने तेच चाललं, डॉक्टरला दाखवायचं कुणाच्या मनात आलं नाही. पुढं तिला कडेचं दिसेनासं झालं, ती चौकटीला धडकायला लागली, तर सासू म्हणायची, हिचं कामात ध्यान नसतं. सोलापूरच्या डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर उशीर झाला होता. ते म्हणाले, त्या थेंबांनीच डोळ्यांतला दाब वाढला, काचबिंदू झाला, आणि यात गेलेली नजर परत येत नाही. नंतर तिला चार दिवस माहेरी राहू द्या म्हणून आणून सोडलं आणि कुणी न्यायला आलं नाही. तोवर आईही गेली होती. घरात आण्णा, अक्का आणि मी. मला त्या लोकांचा तेव्हाही संताप होता आणि आजही आहे.

मी खेळ बनवत होते त्याच उन्हाळ्यात सासरहून निरोप आला की सुनेला नांदायला पाठवा, पुढच्या आठवड्यात न्यायला येतो. एवढ्या दिवसांनी माया कशी काय आली? चौकशी केल्यावर कळलं की धाकट्या मुलाची सोयरीक अडली होती. मुलीकडचे विचारत होते, थोरली सून कुठाय? तिला हाकलून दिली काय? तेव्हा सोयरीक जमेपर्यंत तरी थोरली सून घरात हवी होती. पुढं तिचं काय होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आण्णांचं मन मात्र पाठवण्याकडं झुकत चाललं होतं. माझं लग्न राहिलं होतं, भावकी टोमणे मारत होती. “म्या किती दिवसाचा? उद्या तू बी जाशील. मग हिचं कोण बघंल?” असं ते म्हणायचे आणि शेवटी तिथंच यायचे, “तितं काय कमी तर न्हाय. पाणी हाय, पक्कं घर हाय.” मी भांडायचे, भांडी आपटायचे. त्यांच्यावर परिणाम शून्य. अक्का तर जाते असंही म्हणेना, जात नाही असंही म्हणेना. तिचं हे गप्प बसणं मला आण्णांच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबत होतं.

त्या दिवसांत खेळ तपासायचं काम तीच करत होती आणि तिथं मात्र ती गप्प नव्हती. मी एका ग्रहाचं वर्णन करताना आधी त्याच्या ताऱ्याचा रंग सांगितला, तर म्हणाली, “रंग र्‍हाऊ दे. ऊन कसं लागतं ते सांग.” यान लांबलचक सूचना द्यायला लागलं की म्हणायची, “ह्याला म्हणावं घोटभर पाणी पी.” तिची मोठी तक्रार फोनच्या थांबण्याबद्दल होती. प्रश्न विचारला की फोन क्षणभर विचार करतो आणि तेवढा वेळ काहीच ऐकू येत नाही. ज्याला दिसतं त्याला पडद्यावर काहीतरी फिरताना दिसतं. अक्काला वाटायचं, बंद पडला. तीच हाक ती पुन्हा मारायची, घाबरल्यासारखी. “उत्तर नंतर देऊ दे,” ती म्हणाली, “आधी ओ तरी दे म्हण त्याला. माणसानं हाक मारल्यावर ओ द्यायची असती.” मग मी तसं केलं. प्रश्न विचारला की यान आधी “ओ” म्हणायचं आणि मग उत्तर शोधायला लागायचं. कंपनीतल्यांना ते विचित्र वाटलं, पण मुलांना आवडलं.

एका दुपारी मी तिला नवा ग्रह दिला. खडकाळ, ऊन बेताचं, बर्फाच्या रूपात थोडं पाणी, पण हवा नाही. ताऱ्याच्या भडक्यांनी ती केव्हाच उडून गेलेली. तिथं उतरलं की मी सगळे आवाज बंद केले होते. हवा नाही तर आवाज कसा येणार? ही गोष्ट ऐकवूनच शिकवता येते, म्हणून मी स्वतःवर खूश होते. अक्का उतरली. वारा नाही, यानाची घरघर नाही. तिनं हाक मारली, पण ओ आली नाही. तिनं फोन हलवला, कानाला लावला, पुन्हा हाक मारली. तिचा चेहरा बघून मीच घाईघाईनं खेळ थांबवला.

“तिथं हवा नाही, अक्का. हवा नसली की आवाज जात नाही.”

“शेजारी माणूस हुबा असला तरी?”

“तरी.”

ती फोनवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “मग म्या र्‍हायलेय हितं.” मी काय काय म्हणून विचारत राहिले, तर उठून भिंतीच्या आधारानं आत गेली.

ठरल्या दिवशी सकाळी सासरे आले. जीप दारात लावली, म्हणजे घेऊनच जायच्या तयारीनं आले होते. नवरा आलाच नव्हता. आण्णांनी सतरंजी टाकली, मी चहा ठेवला. सासरे गोड बोलत होते. पोरीची हयगय होणार नाही, घरात बायामाणसं आहेत, असं सगळं. आणि मग म्हणाले, “आमच्याकडं काय कमी हाय, पाव्हणं? बारा म्हैनं पाणी हाय. तुमी तर सोताच्या डोळ्यानं बघितलंय.”

आण्णा मान हलवत होते. चहाचे कप देऊन मी आत गेले होते, ती तशीच बाहेर आले, भांडायचं ठरवूनच आले. पण दारात बसलेली अक्का माझ्याआधी बोलली. तोंड कुणाकडंच नव्हतं.

“आण्णा, म्या त्या शेततळ्यात पडले हुते.”

आण्णांना ऐकू गेलं नाही. “काय? मोठ्यानं सांग.”

तिला ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. सासरे, मी, रस्त्यावरून जाणारे, सगळ्यांनी ऐकलं. डोळे जायला लागले त्या काळात ती मोटर बंद करायला गेली होती. काठावरून पाय घसरला. तळ्याला आतून प्लास्टिक असतं, त्यावर ना हात ठरत ना पाय, पोहता येणारा माणूससुद्धा त्यात मरतो. तिच्या हाताला मोटरीचा पाइप लागला. पाइपाला लटकून ती हाका मारत राहिली. “हे मामा तितंच झाडाखाली फोनवर बोलत हुते. त्यांचं बोलणं मला सगळं ऐकू येत हुतं, आण्णा. कांद्याचा भाव इचारत हुते.” पाइप धरधरून ती एकटीच वर आली.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. “मोटर चालू हुती. ऐकू आलं नसंल.”

आण्णांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, पटलं यांना. मग ते म्हणाले, “मोटर चालू हुती?”

“व्हय.”

“मग तुमी फोनवर कसं बोलत हुता?”

सासऱ्यांनी कप पुन्हा उचलला. आण्णांना पाण्याच्या पुढचं काही विचारताना मी पहिल्यांदा ऐकत होते. आवाजात राग नव्हता. खेळात विचारायचे तसंच, डोळे मिटून, त्यांनी आणखी एक विचारलं, “ती चिंब भिजून घरी आली, तवा इचारलं का कुणी, का भिजलीस म्हणून?”

सासऱ्यांनी जीपकडं बघितलं. आण्णा म्हणाले, “चहा घ्या पाव्हणं. पोरगी येत न्हाय.” चहा अर्धा टाकून सासरे निघून गेले.

नंतर मी अक्कावर चिडले. इतकी वर्षं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “कसं सांगू? पाणी बघून दिलेली पोरगी पाण्यातच पडली, आसं सांगू त्यास्नी?” आण्णा ओसरीवर पाठ करून बसले होते. ते त्यांना ऐकू गेलं का, मला माहीत नाही. त्या दिवसानंतर त्यांनी खेळ लावायला सांगितला नाही.

यातून काही चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. तिकडं त्यांनी हीच नांदायला तयार नाही असं पसरवलं, धाकट्याचं लग्न झालं, अक्काच्या नवऱ्यानंही दुसरी घरात आणली. माझी जमत आलेली एक सोयरीक मोडली, त्याचं मला फारसं वाटलं नाही, आण्णांना वाटलं. खेळ तयार झाला, मुलं खेळतात. माझ्यामागं हिचं कोण, हा प्रश्न आण्णांच्या तोंडी अजून असतो आणि आता तो माझ्याही डोक्यात असतो.

आण्णांचे कान आता जवळपास गेलेत. कानाचं यंत्र आणलं, ते त्यांना टोचतं, कोनाड्यात पडून आहे. मध्यंतरी मी कामात होते, दार लावलेलं होतं. अक्कानं स्वयंपाकघरातून त्यांना हाका मारल्या. ते ओसरीवरच होते, पण ऐकू जाईना. ती हाका मारायची थांबली आणि भिंतीला टेकून खाली बसली. आण्णा प्यायला पाणी घ्यायला आत गेले तेव्हा ती तशीच बसलेली होती, हात एकमेकांत घट्ट धरून. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर काही नाही म्हणाली. ती हाका मारत होती, हे त्यांना नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं.

तेव्हापासून आण्णा कुणी हाक मारो न मारो, ओ देतात. बसल्याबसल्या, शेंगा फोडताना, ढोरांना पाणी दाखवताना, मधूनच तोंड घराकडं करून मोठ्यानं म्हणतात, “ओ!”

“म्या न्हाय हाक मारली, आण्णा,” अक्का आतून ओरडते.

तेही त्यांना ऐकू जात नाही. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणतात, “ओ.”