उपग्रहाचा शुक्रवार

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

पाम गावातल्या घरात बसून मी उपग्रहांची तब्येत बघते, असं सांगितलं तर लोक हसतील, म्हणून सांगत नाही. काम भाचीने मिळवून दिलं. उपग्रहाच्या बॅटरीच्या आणि त्यावर पडणाऱ्या उन्हाच्या आलेखाच्या रेघा लॅपटॉपवर येतात. रेघ नेहमीसारखी असेल तर हिरवी खूण, बिघडलेली वाटली तर लाल, आणि पुढे कारण. माझ्या खुणा बघून एआय शिकणार आणि मग स्वतःच उपग्रहांवर नजर ठेवणार. लॅपटॉपला पैसे मोठ्या जाऊबाईंनी दिले होते, ते या कामातून फेडायचे होते. त्या येता-जाता विचारत, "काय गो, तुजा पेशंट बरा हाय ना?"

उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेला की बॅटरी उतरते, ते ठीकच, असं भाचीने समजावलं होतं. पण एकदा भर उन्हात उतरली. आमच्या शेजारी एवढं मोठं वीजकेंद्र, तरी शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जातेच. त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. मी हिरवी खूण केली आणि कारण लिहिलं, शुक्रवार. पुढे तशी रेघ दिसली की शुक्रवारच.

मग काम तपासणाऱ्या ताईंचा फोन आला.

"काकू, वर शुक्रवार नसतो हो!"

मी लॅपटॉपवरचे माझे शुक्रवार मोजायला लागले.

"बॅटरी उतरली तरी आमचा एआय गप्प. तुमच्यामुळे तो शुक्रवार पाळायला लागलाय!" त्या पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "सगळं पुन्हा करावं लागेल, आणि फुकट. नाहीतर काम बंद."

फोन स्पीकरवर होता आणि जाऊबाई दारात उभ्या होत्या. "काम गेला तर माजं पैसं वरून पडतील काय?"

"काम नाय जाणार," मी म्हटलं. एवढं ठाम बोलले, याचं मलाच नवल वाटलं.

एकेक रेघ पुन्हा उघडली. आधी ऊन बघायचं, मग बॅटरी. ऊन असून उतरली की लाल.

ताईंचा पुढचा फोन आला तो असा: "आता एआय बोंबलतोय काकू, अगदी बरोबर जागी बोंबलतोय!"

काम टिकलं. होळीच्या आधी जाऊबाईंच्या हातावर शेवटचे पैसे ठेवले. त्यांनी ते पदराला बांधले.

"फिटलं गो सगलं. आता चा ठेव."