आकाराम हवालदाराचा पाद्री

इटलीच्या लढाईवरून परतलेला आकाराम हवालदार कराडच्या तंबू टॉकीजमध्ये इंग्रजी पिक्चर आला की पडद्याशेजारी उभा राहून लोकांना गोष्ट सांगायचा. इंग्रजी त्याला हुकमापुरतंच कळे, पण तंबूत ते कुणाला ठाऊक होतं? घोडेवाल्या पिक्चरमध्ये तर भाषेची गरजच नसायची. पाद्री मात्र त्याने लढाईत जवळून पाहिलेला, तोही गोऱ्या शिपायांना पुरताना. त्यामुळे पडद्यावर काळ्या कोटातला माणूस पुस्तक घेऊन आला की आकाराम सांगून मोकळा व्हायचा, "गेलं बघा कुनीतरी." बहुतेक वेळा कुणीतरी गेलेलं असायचंच.

त्या दिवशीही पाद्र्याने पुस्तक उघडलं आणि त्याच्यासमोर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली एक तरणी पोर येऊन उभी राहिली.

"नवरा गेला हिचा," आकाराम म्हणाला. "पांढऱ्यात आलीया बिचारी."

बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. तेवढ्यात हीरोने त्या पोरीच्या बोटात अंगठी घातली आणि पाद्र्यादेखत तिचा मुका घेतला. सगळे आकारामकडे बघू लागले. पण कच खाईल तो हवालदार कसला.

"पाट लावला तिचा," तो घसा खाकरून म्हणाला. "त्यांच्यात मातीलाच उरकत्यात. पाद्री पुन्हा कुठं हेलपाटा घालनार?"

घराण्यात विधवेचा पाट चालत नाही म्हणून ऐन तारुण्यापासून पांढऱ्या कपाळाने राहिलेली बनुबाई पदर खाली घेऊन पडद्याकडे बघत राहिली.

"आन् माज्या येळंला," ती म्हणाली, "ह्यो मुडदा पाद्री कुठं उलथला हुता?"